वॉल्टर बेझंट

सर वॉल्टर बेझंट (१४ ऑगस्ट, इ.स. १८३६:पोर्टस्मथ, इंग्लंड - ९ जून, इ.स. १९०१:हॅम्पस्टेड, लंडन) हे इंग्लिश कादंबरीकार, इतिहासकार आणि लेखकांच्या आर्थिक हक्कांसाठी झटणारे संघटक होते. इ.स. १८८४ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ ऑथर्स या लेखकसंस्थेचे ते प्रमुख संस्थापक होते. कोणाच्याही नोकरीत नसलेल्या, घरी बसून एकट्याने काम करणाऱ्या लेखकांनी एकत्र यावे की नाही, यावे तर कोणत्या कायदेशीर स्वरूपात, आणि अशा संस्थेने सभासदांसाठी नेमके काय करावे, या प्रश्नांवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये जो वाद झाला, त्याच्या केंद्रस्थानी बेझंट होते. त्यांच्या कादंबऱ्या हयातीत फार लोकप्रिय होत्या. आज त्या क्वचितच वाचल्या जातात. त्यांनी उभी केलेली संस्था मात्र अजून कार्यरत आहे.

थिऑसॉफिस्ट आणि भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या अध्यक्षा अ‍ॅनी बेझंट या त्यांच्या धाकट्या भावाच्या पत्नी होत.

प्रारंभिक जीवन

बेझंट यांचा जन्म पोर्टस्मथ या बंदराच्या शहरात एका व्यापाऱ्याच्या मोठ्या कुटुंबात झाला. त्यांचे थोरले बंधू विल्यम हेन्री बेझंट हे पुढे केंब्रिजमधील नामांकित गणितज्ञ झाले. वॉल्टर यांचे उच्च शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजात आणि नंतर केंब्रिज विद्यापीठाच्या क्राइस्ट्स कॉलेजात झाले. इ.स. १८५९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत ते अठरावे रँग्लर ठरले.

केंब्रिजमध्ये असताना कवी चार्ल्स स्टुअर्ट कॅल्व्हर्ली यांनी चार्ल्स डिकन्स यांच्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीवर गमतीने एक परीक्षा घेतली होती. तीत बेझंट पहिले आले आणि पुढे भाषाशास्त्रज्ञ म्हणून गाजलेले वॉल्टर स्कीट दुसरे. एखादी कादंबरी इतक्या बारकाईने वाचण्याची ही सवय त्यांना पुढे कामी आली; लेखनव्यवसायातील करारही त्यांनी त्याच चिकाटीने वाचले. आरंभी त्यांचा विचार धर्मोपदेशक होण्याचा होता, परंतु तो सोडून देऊन ते अध्यापनाकडे वळले.

मॉरिशसमधील वास्तव्य

इ.स. १८६१ मध्ये बेझंट यांनी मॉरिशस येथील रॉयल कॉलेजात प्राध्यापकाची जागा स्वीकारली. तेथे त्यांनी सुमारे सहा वर्षे काढली. बेटावरील फ्रेंच भाषिक समाजाच्या सहवासात त्यांचा फ्रेंच साहित्याचा व्यासंग वाढला. प्रकृती बिघडल्यामुळे इ.स. १८६७ मध्ये ते इंग्लंडला परतले. पुढच्याच वर्षी आरंभीच्या फ्रेंच काव्यावरील त्यांचा अभ्यासग्रंथ प्रसिद्ध झाला. हेच त्यांचे पहिले पुस्तक होय.

पॅलेस्टाइन एक्सप्लोरेशन फंड

इ.स. १८६८ मध्ये बेझंट पॅलेस्टाइन एक्सप्लोरेशन फंड या संशोधनसंस्थेचे सचिव झाले आणि इ.स. १८८६ पर्यंत त्या पदावर राहिले. वर्गणी गोळा करणे, हिशेब ठेवणे, मोहिमांचा पत्रव्यवहार सांभाळणे आणि अहवाल छापून घेणे ही त्यांची कामे होती. पश्चिम पॅलेस्टाइनची जी सविस्तर पाहणी या संस्थेने केली, तीत क्लॉड काँडर आणि होरेशिओ किचनर हे लष्करी अधिकारी होते. किचनर पुढे भारताचे सरसेनापती झाले. प्राच्यविद्यापंडित एडवर्ड हेन्री पामर यांच्यासह बेझंट यांनी जेरुसलेमच्या इतिहासावर इ.स. १८७१ मध्ये एक ग्रंथ लिहिला. पामर यांची इ.स. १८८२ मध्ये सिनाईच्या वाळवंटात हत्या झाली. त्यानंतर बेझंट यांनी त्यांचे चरित्र लिहिले.

या नोकरीचे बेझंट यांच्या आयुष्यात दुहेरी महत्त्व होते. तिच्यामुळे त्यांना ठरावीक पगार मिळत होता, त्यामुळे लेखनावर पोट भरण्याची घाई नव्हती. शिवाय वर्गणीवर चालणारी संस्था कशी चालवावी, याचे अठरा वर्षांचे शिक्षण त्यांना येथे मिळाले. लेखकांची संस्था उभारताना हाच अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

लेखनकारकीर्द

'वन्स अ वीक' या साप्ताहिकाचे संपादक जेम्स राइस यांच्याशी बेझंट यांची ओळख झाली आणि दोघांनी मिळून कादंबऱ्या लिहायला सुरुवात केली. 'रेडी-मनी मॉर्टिबॉय' (१८७२), 'द गोल्डन बटरफ्लाय' (१८७६) आणि 'द चॅप्लिन ऑफ द फ्लीट' (१८८१) या त्यांच्या संयुक्त कादंबऱ्या गाजल्या. इ.स. १८८२ मध्ये राइस यांचा मृत्यू झाल्यावर बेझंट एकट्याने लिहू लागले. जवळजवळ दरवर्षी एक कादंबरी असा त्यांचा क्रम अखेरपर्यंत टिकला. विल्की कॉलिन्स यांची अपुरी राहिलेली शेवटची कादंबरी 'ब्लाइंड लव्ह' त्यांच्या टिपणांवरून बेझंट यांनीच पूर्ण केली.

त्यांची 'ऑल इन अ गार्डन फेअर' (१८८३) ही कादंबरी होतकरू लेखकाच्या जीवनावर आहे. मुंबईत जन्मलेले रुडयार्ड किपलिंग लाहोरला वृत्तपत्रात काम करीत असताना ही कादंबरी त्यांच्या वाचनात आली आणि इंग्लंडला जाऊन लेखनावर जगण्याचा निश्चय करण्यास तिने बळ दिले, असे किपलिंग यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले.

एप्रिल १८८४ मध्ये बेझंट यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये कादंबरीकलेवर व्याख्यान दिले. चित्रकला किंवा संगीताप्रमाणे कादंबरीलेखन ही एक कला आहे, तिचे नियम शिकता व शिकवता येतात, आणि म्हणून तिला व तिच्या उपासकांना इतर कलांइतकाच मान मिळाला पाहिजे, असा त्यांचा मुद्दा होता. या व्याख्यानाला उत्तर म्हणून हेन्री जेम्स यांनी त्याच वर्षी त्याच शीर्षकाचा प्रसिद्ध निबंध लिहिला. कादंबरीला असे बाहेरून नियम घालून देता येत नाहीत, असे जेम्स यांचे म्हणणे होते. साहित्यसमीक्षेच्या इतिहासात आज जेम्स यांचा निबंधच अधिक वाचला जातो.

पीपल्स पॅलेस

इ.स. १८८२ मधील 'ऑल सॉर्ट्स अँड कंडिशन्स ऑफ मेन' या कादंबरीत बेझंट यांनी पूर्व लंडनच्या कष्टकरी वस्तीचे चित्रण केले. तेथील लोकांसाठी ज्ञान आणि करमणुकीचे एक भव्य केंद्र उभारले जाते, अशी कल्पना त्यांनी तीत मांडली होती. कादंबरीमुळे या योजनेला लोकांचा पाठिंबा मिळाला आणि माइल एंड रस्त्यावर पीपल्स पॅलेस ही वास्तू खरोखरच उभी राहिली. मे १८८७ मध्ये राणी व्हिक्टोरियाने तिचे उद्घाटन केले. ग्रंथालय, सभागृह आणि तांत्रिक शिक्षणाचे वर्ग तेथे सुरू झाले. पुढे करमणुकीपेक्षा शिक्षणाचा भाग वाढत गेला आणि त्यातून आजच्या क्वीन मेरी विद्यापीठाची एक शाखा विकसित झाली.

सोसायटी ऑफ ऑथर्स

पार्श्वभूमी

त्या काळात इंग्लंडमध्ये लेखक आणि प्रकाशक यांच्यात चार प्रकारचे व्यवहार होत. काही लेखक ठोक रकमेला पुस्तकाचे सर्व हक्क विकून टाकीत. काही जण स्वतःच्या खर्चाने पुस्तक छापून प्रकाशकाला विक्रीवर दलाली देत. काहींना विकलेल्या प्रतींवर ठरावीक दराने रॉयल्टी मिळे. चौथा प्रकार अर्ध्या नफ्याच्या कराराचा होता. त्यात कागद, छपाई, बांधणी आणि जाहिरात यांचा खर्च वजा करून उरलेला नफा दोघांनी निम्मा वाटून घ्यायचा असे.

अर्ध्या नफ्याचा करार वरकरणी न्याय्य दिसत असला तरी खर्च किती झाला हे ठरवणारा एकटा प्रकाशकच असे. छापखान्याने दिलेली सूट हिशेबात न दाखवणे, प्रकाशकाने स्वतःच्याच मासिकात छापलेल्या जाहिरातींचे पैसे खर्चात धरणे, असे प्रकार होत असल्याची तक्रार बेझंट यांनी सातत्याने केली. लेखकाला मूळ पावत्या पाहता येत नसत. रॉयल्टीच्या करारातही खाचाखोचा होत्या. विक्रेत्याला बारा प्रतींच्या किमतीत तेरा प्रती देण्याची प्रथा होती आणि रॉयल्टी मोजताना ती तेरावी प्रत वगळली जाई.

कायद्याची स्थितीही विस्कळीत होती. इ.स. १८४२ च्या कायद्यानुसार पुस्तकावरील हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर सात वर्षे, किंवा प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे, यांपैकी जी मुदत जास्त असेल तिथपर्यंत टिकत असे. नाटके, चित्रे, व्याख्याने यांच्यासाठी निरनिराळे कायदे होते. अमेरिकेत ब्रिटिश लेखकांना कोणतेच संरक्षण नव्हते. तेथील प्रकाशक त्यांची पुस्तके परवानगीशिवाय छापू शकत. स्वामित्वहक्कांच्या चौकशीसाठी नेमलेल्या शाही आयोगाने इ.स. १८७८ मध्ये अहवाल दिला होता, परंतु त्यावर फारसे काही झाले नव्हते.

स्थापना आणि कायदेशीर स्वरूप

इ.स. १८८३ च्या सप्टेंबरमध्ये बेझंट यांच्या पुढाकाराने काही मोजके लेखक एकत्र आले आणि पुढच्या वर्षी संस्थेची रीतसर स्थापना झाली. राजकवी आल्फ्रेड टेनिसन यांनी पहिले अध्यक्ष होण्याचे मान्य केले. टेनिसन यांच्या नावामुळे संस्थेला एकदम प्रतिष्ठा लाभली. विल्की कॉलिन्स यांच्यासारखे नामवंत कादंबरीकारही प्रारंभापासून संस्थेत होते. वार्षिक वर्गणी एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, ठेवण्यात आली.

संस्थेने तीन उद्दिष्टे ठरवली: साहित्यिक मालमत्तेची व्याख्या करून तिचे रक्षण करणे, देशातील स्वामित्वहक्काचे विखुरलेले कायदे एकत्र करून सुधारणे, आणि अन्य देशांशी, विशेषतः अमेरिकेशी, परस्पर संरक्षणाचा करार घडवून आणणे.

संस्थेला कोणते रूप द्यावे हा प्रश्न महत्त्वाचा होता. तिचे रूप मित्रमंडळासारखे ठेवले असते, तर तिला स्वतःच्या नावाने दावा लावणे किंवा करार करणे अवघड गेले असते, आणि एखादा खटला हरल्यास खर्चाचा बोजा पदाधिकाऱ्यांवर पडला असता. कामगार संघटना म्हणून नोंदणी करण्याची सोय इ.स. १८७१ च्या कायद्याने झाली होती. परंतु लेखकांना एकच एक मालक नव्हता आणि कामगार म्हणवून घेणे त्यांच्यातील अनेकांना रुचण्यासारखे नव्हते. अखेर इ.स. १८८४ मध्ये संस्थेची नोंदणी हमीने मर्यादित कंपनी म्हणून झाली. अशा कंपनीत भागभांडवल नसते आणि सभासद भागधारक नसतात. कंपनी बुडाल्यास प्रत्येकाने आधी कबूल केलेली ठरावीक रक्कम तेवढी द्यायची असते.

या रचनेचा सभासदांच्या स्थितीवर थेट परिणाम झाला. संस्था त्यांची मालक झाली नाही आणि भागीदारही नाही. लेखकाचा करार त्याचा आणि प्रकाशकाचा राहिला, मिळकत त्याची राहिली, आणि स्वतंत्र व्यावसायिक म्हणून तिच्यावरील आयकर भरण्याची जबाबदारीही त्याचीच राहिली. त्याचे स्वातंत्र्य अबाधित राहिले, पण त्याच कारणाने संस्थेची शक्तीही मर्यादित झाली. ती सभासदाला एखादा करार करण्यापासून रोखू शकत नव्हती. सर्वांनी मिळून काम बंद पाडण्याचे हत्यारही तिच्याकडे नव्हते. सल्ला, माहिती, प्रसिद्धी आणि गरज पडल्यास न्यायालय एवढीच तिची साधने होती.

धोरणे

बेझंट यांनी या साधनांपैकी माहितीवर सर्वाधिक भर दिला. मार्च १८८७ मध्ये संस्थेने लंडनमधील विलिस्स रूम्स येथे जाहीर सभा घेऊन लेखक-प्रकाशक व्यवहारातील तक्रारी उघडपणे मांडल्या. इ.स. १८९० मध्ये संस्थेचे सचिव स्क्वायर स्प्रिग यांनी प्रकाशनाच्या पद्धतींवर पुस्तक लिहिले. त्यात प्रत्येक प्रकारच्या करारातील धोके समजावून दिले होते. पाठोपाठ संस्थेने पुस्तकाच्या उत्पादनखर्चाचे अंदाज छापले. किती पानांच्या, कोणत्या टायपातील, किती प्रतींच्या आवृत्तीला जुळणी, छपाई, कागद व बांधणी मिळून किती खर्च येतो, हे सामान्य लेखकाला प्रथमच कळले. प्रकाशकाने दाखवलेला खर्च पडताळून पाहण्याचे साधन त्याच्या हाती आले.

इ.स. १८९० मध्ये 'द ऑथर' हे संस्थेचे मासिक सुरू झाले. बेझंट त्याचे संपादक होते आणि मृत्यूपर्यंत त्यांनी ते काम पाहिले. सभासदाने पाठवलेला करार सही करण्यापूर्वी तपासून देण्याची सोय संस्थेच्या कार्यालयात होती. इ.स. १८९२ मध्ये हर्बर्ट थ्रिंग हे कायद्याचे जाणकार सचिव झाल्यावर या कामाला अधिक शिस्त आली. थ्रिंग यांनी हे पद इ.स. १९३० पर्यंत सांभाळले.

लेखकाने स्वतः भाव करत बसण्याऐवजी व्यवहार जाणणारा प्रतिनिधी नेमावा, असेही बेझंट यांचे मत होते. ते स्वतः ए. पी. वॉट या अग्रगण्य साहित्यप्रतिनिधीचे ग्राहक होते. इ.स. १८८९ मध्ये किपलिंग लंडनला आल्यावर बेझंट यांनी त्यांनाही वॉट यांच्याकडे जाण्याचा सल्ला दिला आणि किपलिंग यांनी तो मानला.

मतभेद आणि टीका

संस्थेच्या धोरणांवर बाहेरून तसेच आतूनही टीका झाली. प्रकाशक विल्यम हाइनमन यांनी इ.स. १८९२-९३ च्या सुमारास प्रकाशन व्यवसायाच्या अडचणींवर लिहिताना संस्थेला इतर सर्व कामगार संघटनांपेक्षा धोकादायक संघटना ठरवले. लेखक आणि प्रकाशक यांच्यामध्ये शिरणाऱ्या साहित्यप्रतिनिधींवरही त्यांचा रोष होता. लेखक एकत्र आले आहेत तर प्रकाशकांनीही यावे, हा त्यांचा आग्रह पुढे फळाला आला आणि इ.स. १८९६ मध्ये इंग्लंडमध्ये प्रकाशकांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली.

इ.स. १८९० मध्ये बेझंट यांनी एका मोठ्या ख्रिस्ती धर्मप्रसारक प्रकाशनसंस्थेवर टीका करणारी पुस्तिका लिहिली. धर्मकार्याच्या नावाखाली ती संस्था लेखकांकडून, विशेषतः लेखिकांकडून, क्षुल्लक रकमेला हक्क विकत घेते असा त्यांचा आरोप होता. धर्मादाय हेतूने चालणाऱ्या संस्थेला व्यापाराचे नियम लावावेत का, यावर त्यामुळे बरीच चर्चा झाली.

लेखकांमधील एक मोठा आक्षेप तत्त्वाचा होता. साहित्याची किंमत शिलिंग-पेन्समध्ये मोजणारी संस्था लेखकाला दुकानदार बनवते, असे अनेकांना वाटे. साहित्याचे कलामूल्य आणि त्याचे बाजारमूल्य या दोन भिन्न गोष्टी असून एक वाढल्याने दुसरे कमी होत नाही, असे बेझंट यांचे उत्तर होते. इ.स. १८९१ मध्ये जॉर्ज गिसिंग यांची 'न्यू ग्रब स्ट्रीट' ही गरीब लेखकांच्या दैन्याचे चित्रण करणारी कादंबरी प्रसिद्ध झाली. तीतील चित्र कितपत खरे, यावर 'द ऑथर'च्या पानांवर चर्चा झाली. बेझंट यांनी त्या चित्राची सत्यता मान्य केली, तर अँड्र्यू लँग यांना ते अतिरंजित वाटले. बेझंट स्वतः यशस्वी आणि सुस्थितीत असल्यामुळे अपयशी लेखकाच्या कोंडीवर त्यांच्याकडे उपाय नाही, अशीही टीका होत असे. चांगला करार पुस्तक खपणाऱ्या लेखकाच्या उपयोगी पडतो. ज्याचे पुस्तक खपतच नाही त्याला रॉयल्टीचा दर वाढून विशेष लाभ होत नाही. ही मर्यादा संस्थेच्या रचनेतच होती.

सर्वांत अवघड प्रसंग इ.स. १८९० मध्ये आला. अमेरिकेतील हार्पर अँड ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेने किपलिंग यांच्या कथा त्यांच्या संमतीशिवाय संग्रहरूपाने छापल्या आणि नंतर त्यांना दहा पौंड देऊ केले. किपलिंग यांनी 'अ‍ॅथेनियम' या साप्ताहिकातून त्याचा जाहीर निषेध केला. त्यावर बेझंट, थॉमस हार्डी आणि विल्यम ब्लॅक या तिघांनी त्याच साप्ताहिकात पत्र लिहून हार्पर यांची बाजू घेतली. आपल्याशी या प्रकाशकांचे वर्तन नेहमी उदार राहिले आहे, असे त्यांचे सांगणे होते. लेखकांच्या हक्कांचा कैवार घेणाऱ्या संस्थेच्या संस्थापकाने तरुण लेखकाविरुद्ध प्रकाशकाचे समर्थन केल्याने आश्चर्य व्यक्त झाले. किपलिंग यांनी या तिघांवर उपरोधिक कविता लिहिली. प्रस्थापित लेखकाचा अनुभव आणि नवोदिताचा अनुभव किती वेगळा असू शकतो, हे या प्रसंगातून उघड झाले.

आंतरराष्ट्रीय स्वामित्वहक्क

इ.स. १८८६ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे झालेल्या करारात ब्रिटन सहभागी झाले. अमेरिका त्यात नव्हती. तेथे इ.स. १८९१ मध्ये स्वतंत्र कायदा होऊन परदेशी लेखकांना संरक्षण मिळाले, मात्र त्यासाठी पुस्तकाची जुळणी अमेरिकेतच झाली पाहिजे अशी अट होती. दोन्ही देशांतील लेखकसंस्थांनी अनेक वर्षे केलेल्या पाठपुराव्याचा या कायद्यात वाटा होता. इ.स. १८९३ मध्ये शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या लेखक परिषदेला बेझंट उपस्थित राहिले.

देशांतर्गत कायद्याच्या एकत्रीकरणासाठी संस्थेने तयार केलेले विधेयक लॉर्ड मंक्सवेल यांनी हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये मांडले, परंतु ते मंजूर झाले नाही. बेझंट यांच्या हयातीत हे उद्दिष्ट अपुरेच राहिले.

कुटुंब

इ.स. १८७४ मध्ये बेझंट यांचा विवाह मेरी गॅरेट फॉस्टर-बारहॅम यांच्याशी झाला. त्यांना दोन मुलगे आणि दोन मुली झाल्या. त्यांचे धाकटे बंधू फ्रँक हे धर्मोपदेशक होते. फ्रँक यांचा इ.स. १८६७ मध्ये अ‍ॅनी वुड यांच्याशी विवाह झाला. धार्मिक मतभेदांमुळे इ.स. १८७३ मध्ये हे दांपत्य विभक्त झाले. अ‍ॅनी बेझंट इ.स. १८९३ मध्ये भारतात आल्या. इ.स. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगपाठोपाठ त्यांनी आपली स्वतंत्र लीग स्थापन केली आणि इ.स. १९१७ मध्ये त्या काँग्रेसच्या अध्यक्षा झाल्या. स्त्रियांच्या प्रश्नावर दीर आणि भावजय यांची मते परस्परविरोधी होती. वॉल्टर यांच्या 'द रिव्होल्ट ऑफ मॅन' (१८८२) या कादंबरीत स्त्रियांच्या राज्यातील इंग्लंडचे विडंबन असून अखेरीस पुरुष बंड करून सत्ता परत मिळवतात.

अखेरची वर्षे

इ.स. १८९१ मध्ये बेझंट यांनी लंडनमध्ये लेखकांसाठी ऑथर्स क्लब स्थापन केला. इ.स. १८९२ मध्ये टेनिसन यांचे निधन झाल्यावर जॉर्ज मेरेडिथ संस्थेचे अध्यक्ष झाले. इ.स. १८९५ मध्ये बेझंट यांना नाइट हा किताब मिळाला. अभिनेते हेन्री आयर्व्हिंग यांचेही नाव त्याच यादीत होते. लेखणी आणि रंगभूमीवर उपजीविका करणाऱ्यांना राजमान्यता मिळाल्याची ती खूण समजली गेली.

इ.स. १८९९ मध्ये त्यांचे 'द पेन अँड द बुक' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखनाकडे उपजीविका म्हणून वळणाऱ्या तरुणांसाठी त्यात करार, रॉयल्टी आणि उत्पादनखर्च यांची माहिती दिली आहे. इ.स. १८९४ पासून त्यांनी लंडन शहराच्या इतिहासाचा प्रचंड प्रकल्प हाती घेतला होता. त्याचे खंड त्यांच्या मृत्यूनंतर इ.स. १९०२ ते १९१२ या काळात प्रसिद्ध झाले. ९ जून १९०१ रोजी हॅम्पस्टेड येथील राहत्या घरी त्यांचे निधन झाले. त्यांचे आत्मचरित्र पुढच्या वर्षी प्रकाशित झाले. सेंट पॉल कॅथीड्रलच्या तळघरात त्यांचे स्मारक असून शिल्पकार जॉर्ज फ्रॅम्प्टन यांनी घडवलेल्या त्यातील अर्धपुतळ्याची प्रतिकृती थेम्स नदीकाठी व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर आहे.

वारसा

बेझंट यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, इ.स. १९११ मध्ये, ब्रिटनमध्ये स्वामित्वहक्काचा एकत्रित कायदा झाला. हक्काची मुदत लेखकाच्या हयातीनंतर पन्नास वर्षे ठरली. किरकोळ बदलांसह हाच कायदा इ.स. १९१४ च्या कायद्याने ब्रिटिश भारतात लागू झाला आणि इ.स. १९५७ चा भारतीय कायदा अमलात येईपर्यंत मराठी लेखक-प्रकाशकांचे व्यवहारही त्याच चौकटीत होत राहिले.

लेखकाच्या कराचा प्रश्न विसाव्या शतकात पुढे आला. एखादे पुस्तक लिहायला अनेक वर्षे लागतात, परंतु हक्क विकल्याची रक्कम एकाच वर्षी हाती पडली तर तिच्यावर चढ्या दराने आयकर बसतो. स्वतंत्र व्यावसायिकाची ही अडचण ओळखून इ.स. १९४४ च्या ब्रिटिश वित्त कायद्याने दीर्घकाळ चाललेल्या लेखनाबद्दल मिळालेली ठोक रक्कम करासाठी मागील वर्षांत विभागून दाखवण्याची मुभा दिली.

संस्थेच्या कायदेशीर स्वरूपाचा वाद मात्र जवळजवळ शतकभर धुमसत राहिला. लेखकांची संस्था ही प्रतिष्ठित व्यावसायिक मंडळ आहे की कामगार संघटना, हा प्रश्न इ.स. १९७० च्या दशकात पुन्हा ऐरणीवर आला. सभासदांचे मत घेऊन इ.स. १९७८ मध्ये संस्थेने स्वतंत्र कामगार संघटना म्हणून मान्यता मिळवली. इ.स. १८८४ मध्ये स्वीकारलेले हमीने मर्यादित कंपनीचे रूप तिने त्याच वेळी कायमही ठेवले. पुढच्याच वर्षी ग्रंथालयांतून वाचायला नेलेल्या पुस्तकांबद्दल लेखकांना मोबदला देणारा कायदा ब्रिटिश संसदेने संमत केला. त्यासाठी चाललेल्या दीर्घ मोहिमेत ही संस्था सहभागी होती.

सभासदाचा करार सही करण्यापूर्वी तपासून देणे हे बेझंट यांच्या काळातील काम आजही संस्थेच्या प्रमुख सेवांपैकी एक आहे.

निवडक ग्रंथ

* स्टडीज इन अर्ली फ्रेंच पोएट्री (१८६८)
* रेडी-मनी मॉर्टिबॉय (जेम्स राइस यांच्यासह, १८७२)
* द गोल्डन बटरफ्लाय (जेम्स राइस यांच्यासह, १८७६)
* ऑल सॉर्ट्स अँड कंडिशन्स ऑफ मेन (१८८२)
* ऑल इन अ गार्डन फेअर (१८८३)
* डोरोथी फॉर्स्टर (१८८४)
* चिल्ड्रन ऑफ गिबियन (१८८६)
* आर्मोरेल ऑफ लायनेस (१८९०)
* द पेन अँड द बुक (१८९९)
* आत्मचरित्र (मरणोत्तर, १९०२)